उजव्या पानाची बेरीज

झाडं कमी भरली हे कळलं तो गुरुवार होता. लहबीबची बायको तूदा हिला जाऊन सेहेचाळीस दिवस झाले होते. चाळिसाव्याचं जेवण उरकलं होतं, कुराण म्हणायला आलेली मंडळी आपापल्या गावी गेली होती, आणि शेजारणींनी घासून दिलेली मोठी पातेली अजून लहबीबच्या ओट्याखाली पालथी पडलेली होती. त्याच आठवड्यापासून तो कचेरीत पुन्हा पूर्ण दिवस बसायला लागला होता.

पत्र कासाब्लांकाहून आलं होतं. पाठवणारी कन्झा, झाडांची मोजदाद तपासणाऱ्या संस्थेतली बाई. ती वर्षातून एकदा यायची, रानात फिरायची, खोडांना टेप लावायची आणि परत जाताना लहबीबच्या खोलीत बसून तीन ग्लास चहा प्यायची. यंदा तिने येण्याआधी आकाशातून काढलेले नवे फोटो मागवले होते. या फोटोंत झाड कुठलं आणि झुडूप कुठलं हे वेगळं ओळखता येतं. तिने लिहिलं होतं की तुमच्या यादीत एक्केचाळीस हजार झाडं आहेत आणि आम्हाला एकोणतीस हजार दिसतात. उरलेली बारा हजार कुठे आहेत, ते कळवावं.

लहबीबने पत्र दोनदा वाचलं, घडी केली आणि सरळ मालकाच्या खोलीत गेला. वाईट बातमी टेबलावर ठेवून तिच्याकडे बघत बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. तारूदांत शहरातल्या त्या तेलाच्या कंपनीत तो एकोणीस वर्षं हिशेब सांभाळत होता आणि त्यातली अकरा वर्षं मुख्य हिशेबनीस होता. एवढ्या वर्षांत त्याच्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं.

कंपनीचा मूळ धंदा अर्गान या काटेरी झाडाच्या बियांचं तेल काढायचा. आठ वर्षांपूर्वी तिने डोंगरातल्या पाच गावांशी करार केला. रोपं कंपनीची, मेहनत गावांची. अर्गान लावायचं, गोड शेंगांचं खर्रूब लावायचं, जगवायचं. झाडं वाढताना हवेतला कार्बन अंगात साठवतात, त्याची मोजणी होते, आणि एका टनाला एक कार्बन क्रेडिट मिळतं. ते विकत घेणारे लोक आहेत. तोवर झालेल्या वाढीला या झाडांचा हिशेब पाचास एक असा पडला होता. पाच झाडांमागे एक टन. एक्केचाळीस हजार झाडांची आठ हजार दोनशे क्रेडिट मिळाली होती. त्यातली सहा हजार फ्रान्समधल्या एका बाटल्या बनवणाऱ्या कारखान्याला विकली होती. दोन हजार दोनशे शिल्लक होती.

ही शिल्लक ताळेबंदात कुठे मांडायची यावरून मागे बरीच चर्चा झाली होती. कायद्यात तेव्हा नीट काही सांगितलेलं नव्हतं. कुणी ती मालमत्ता म्हणून दाखवत, कुणी माल म्हणून, कुणी दाखवतच नसत. भाव चढले तेव्हा मालकाला वाटलं होतं की बाजारभावाने दाखवावी, म्हणजे नफा फुगलेला दिसेल. लहबीबने मान हलवली होती. त्याने सांगितलं होतं की गोदामातलं तेल विकेपर्यंत आपण त्याला पडलेल्या खर्चानेच धरतो, हेही तसंच धरायचं. हवा विकत असलो तरी गोदाम गोदामच. तसं त्याने वार्षिक अहवालाच्या टिपेत लिहिलंही होतं, आणि बँकेच्या माणसाने त्या टिपेचं कौतुक केलं होतं.

आता बारा हजार झाडं नाहीत म्हणजे दोन हजार चारशे क्रेडिट नाहीत. गोदामात होती दोन हजार दोनशे. म्हणजे गोदाम साफ रिकामं, आणि वर दोनशे अंगावर, जी कधी नव्हतीच आणि विकून झाली होती.

मालकाचं नाव जलील. सगळे त्याला मानाने सी जलील म्हणत. बापाकडून घाणी मिळाली होती आणि त्याने तिची कंपनी केली होती. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. त्याने आधी बकऱ्यांना शिव्या घातल्या. मग तीन वर्षांच्या दुष्काळाला. लहबीबने सांगितलं की बकऱ्यांनी खाल्लेली आणि वाळलेली झाडं दर वर्षी वजा होतात, त्यात बारा हजार बसत नाहीत. मग सी जलील म्हणाला की गावकऱ्यांनी खोटी झाडं लिहवली असतील.  मग त्याने आवाज खाली आणून विचारलं की झाडांची वही लल्ला तूदाची, तूदाबाईंचीच, होती ना.

वही तूदाचीच होती. कंपनीचं गावांमधलं सगळं काम ती बघायची. ती त्याच डोंगरातली, पायवाटांची आणि माणसांची माहितगार. आठ वर्षं ती आठवड्यातून चार दिवस त्या गावांमध्ये असायची. कुणी किती रोपं लावली, कुणाची किती जगली, कुणाला किती पैसे द्यायचे, सगळं तिच्या हातचं.

सी जलीलने एक कागद पुढे ओढला आणि अहवालात घालायचं वाक्य स्वतःच लिहून दाखवलं. गावपातळीवरील नोंदवहीत गंभीर त्रुटी आढळल्या असून संबंधित कर्मचारी हयात नाहीत. एवढंच. यात त्याला काही वावगं दिसत नव्हतं.

"कुणाला त्रास नाही, सी लहबीब," तो म्हणाला. "तिला आता कोण काय विचारणार?"

"मला विचारतील."

"तुम्ही म्हणायचं, माझी बायको होती, मला यात बोलवू नका. लोक समजून घेतील."

लहबीबने तो कागद घडी करून आपल्या खिशात घातला, म्हणजे तो टेबलावर राहायला नको. हे वाक्य छापलं तर काय होणार ते त्याला स्वच्छ दिसत होतं. अहवाल बँक वाचणार, कारखाना वाचणार, बातमी पाच गावांत पोचणार, आणि तूदा ही बारा हजार खोटी झाडं लिहिणारी बाई ठरणार. ती उत्तर द्यायला येणार नव्हती. मेलेल्या माणसाच्या माथी काहीही मारता येतं. त्याने मालकाला सांगितलं की संचालकांची सभा महिनाअखेरीला आहे, तोवर दिवस आहेत. मी जाऊन मोजतो. तिने खोटं लिहिलं असेल तर ते वाक्य मी माझ्या हाताने घालीन. पण आधी मोजायचं, मग लिहायचं. सी जलील कबूल झाला. दुसरं काही सुचत नव्हतं म्हणूनही असेल.

वही घरी होती. तूदा गेल्यावर त्याने ती कपाटात तिच्या लोकरी कोटाखाली ठेवून दिली होती आणि नंतर कपाट उघडलं नव्हतं. शुक्रवारी नमाजानंतर शेजारून गव्हाच्या कण्यांच्या कुसकुसची परात आली. त्यातलं थोडं त्याने खाल्लं, हात धुतले आणि वही काढली. खरं म्हणजे वह्या चार होत्या, एकाच जाड पुठ्ठ्यात शिवलेल्या. उजव्या पानावर एक यादी, डाव्या पानावर दुसरी, खाली दोन्ही पानांच्या वेगळ्या बेरजा. अक्षर मोठं आणि सरळ. दोन वर्षांच्या आजारातही ते वाकडं झालं नव्हतं. त्याने खूप पानं उलटली. चूक सापडली नाही. बेरजा एकूण एक बरोबर होत्या. दोन वर्षांपूर्वी याच वहीवरून त्याने गावांचे आकडे एकत्र करून कन्झाच्या संस्थेला पाठवले होते, तेव्हाही बरोबरच वाटल्या होत्या.

शनिवारी सकाळी तो इमी-न-तागाला गेला. पाच गावांतलं हे सगळ्यात जवळचं.

गावाचा कारभार दा बिही बघायचा. दा म्हणजे थोरला भाऊ, गावात लहान-मोठे सगळे त्याला तेच म्हणत. सत्तरीचा, काटक, आणि तोंडाने फटकळ. तूदा गेल्याचं गावात कळलेलं होतं, पण चाळिसाव्याला फार थोडे उतरू शकले होते, बदामांचे दिवस होते. आता लहबीब आला म्हणताच लोक घरातून साखरेचे सुळके घेऊन आले. शोकाला साखर न्यायची ही तिथली रीतच आहे. निळ्या कागदात गुंडाळलेले, प्रत्येकी दोन किलोचे. दुपारपर्यंत गाडीत अकरा सुळके झाले. प्रत्येकजण म्हणायचा की बरकत तुझ्या माथ्यावर राहो, आणि तो म्हणायचा की देव तुमचं काही वाईट न करो. तूदा असती तर एकेक सुळका हातोडीने फोडून डब्यात भरून ठेवला असता. आपण एवढ्या साखरेचं काय करणार, असा विचार त्याच्या मनात आला. तो त्याने बाजूला सारला.

मोजणीची पद्धत त्याने सोपी ठेवली. चुन्याची बादली घ्यायची. घरागणिक जायचं. वहीत त्या घराच्या नावावर जेवढी झाडं आहेत तेवढी त्या घरच्या माणसाने दाखवायची. दाखवलेल्या झाडाच्या खोडाला चुन्याचं कडं काढायचं. कडं असलेलं झाड दुसऱ्यांदा कुणाला दाखवता येणार नाही. म्हणजे खोटं असेल तर संध्याकाळच्या आत उघडं पडेल.

पहिल्या घरी चव्वेचाळीस होती, चव्वेचाळीस निघाली. दुसऱ्या घरी एकसष्ट, एकसष्ट निघाली. तिसरं घर इज्जाचं. इज्जा साठीची विधवा, तिची दोन्ही मुलं कासाब्लांकात वाणसामानाचं दुकान चालवत होती. तिच्या नावावर अडतीस होती. ती त्यांना ओढ्याच्या वरच्या उतारावर घेऊन गेली आणि पहिल्याच झाडाशी थांबली. त्या झाडाला चुन्याचं कडं होतं. ते सकाळी पहिल्याच घरात, दा बिहीच्या नावावर, मोजलं गेलं होतं. पुढच्या झाडालाही कडं. त्याच्या पुढच्यालाही.

लहबीबने वहीतला इज्जाचा आकडा पुन्हा बघितला. त्याने शांतपणे विचारलं की हे झाड कुणाचं.

"माझं," इज्जा म्हणाली.

"माझं," दा बिही म्हणाला.

दोघांनीही हे भांडणाच्या सुरात म्हटलं नव्हतं. दोघंही त्याच्याकडे असे बघत होते, जणू त्यानेच काहीतरी वेड्यासारखं विचारलं आहे.

"दोघांचं कसं असेल? एकाचं तरी चुकतंय."

"चुकायचं काय त्यात?" इज्जा म्हणाली. "जागा माझ्या सासऱ्याची. पाणी यानं घातलं. म्हणजे याच्या बायकोनं घातलं, हा नुसता गाढवाबरोबर चालायचा."

"गाढवाला वाट कोण दाखवायचं?" दा बिही म्हणाला.

"गाढवाला वाट ठाऊक होती. ते तुला घेऊन जायचं."

चुन्याची बादली धरणारे हसले. लहबीब हसला नाही. त्याने विचारलं की मग अर्धं-अर्धं का नाही लिहवलंत.

इज्जाने कपाळाला हात लावला. "अर्धं झाड कुठं उभं राहतं का रे बाबा? तूच सांग. याच्या तोंडावर मी म्हणू की यात माझं अर्धंच आहे? म्हणजे उरलेल्या अर्ध्यावर याचा डोळा. आणि हा म्हणाला तर माझा जीव तुटेल. झाड माझं. याचंही. फळ आलं की बसून वाटून घेऊ."

लहबीब बांधावर बसला. या डोंगरात कुणाच्या जागेत कुणी झाड लावलं आणि वाढवलं तर ते दोघांचं होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तो त्याच मातीतला होता, दोन खोरी पलीकडचा. त्याचे वडील जन्मभर सत्तर बदामाची झाडं माझी म्हणून सांगत आले. ते गेल्यावर भाऊ वाटणीला बसले तेव्हा ती पस्तीस भरली, आणि कुणालाही त्यात फसवणूक वाटली नाही. बाहेरचा कुणी हिशेबनीस असता तर त्याने पहिल्याच दिवशी विचारलं असतं की एका झाडाला धनी किती. लहबीबने विचारलं नव्हतं, कारण त्याला माहीत होतं. आणि माहीत असलेली गोष्ट कागदासमोर बसल्यावर त्याला आठवली नव्हती.

त्याने वही मांडीवर घेतली आणि इमी-न-तागाची पानं उघडली. आता ती त्याला सरळ वाचता येत होती. उजव्या पानावर लावणारे. डाव्या पानावर जागेवाले. प्रत्येक झाडाला लावणारा असतोच, म्हणून उजव्या पानावर प्रत्येक झाड एकदा आलेलं होतं. डाव्या पानावर फक्त ती झाडं, जी दुसऱ्याच्या जागेत उभी होती, दुसऱ्यांदा. तूदाला दोन्ही पानं हवी होती, कारण पैसे दोन्ही घरांना द्यायचे होते, निम्मे निम्मे. बेरजा म्हणून तिने वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या तिने कुठेही एकत्र केल्या नव्हत्या.

एकत्र त्याने केल्या होत्या.

ते कुठे झालं तेही त्याला आठवलं. अगादीरच्या रुग्णालयात, तिच्या पहिल्या औषधाच्या दिवशी. कन्झाच्या संस्थेला आकडे दुसऱ्या दिवशी हवे होते. तो बाहेरच्या बाकावर मांडीवर संगणक घेऊन बसला होता, आत तूदा झोपली होती. डाव्या पानाची बेरीज, उजव्या पानाची बेरीज, पुढचं पान. तासाभरात पाचही गावं झाली. तो आत गेला तेव्हा ती जागी झाली होती. वही बघून ती म्हणाली, "काही विचारायचं असलं तर विचार." तो म्हणाला की विचारण्यासारखं काही नाही, झालं सगळं, तू झोप. तिने डोळे मिटले होते.

बांधावर बसूनच त्याने गावाच्या फक्त उजव्या पानांची बेरीज मारली. पाच हजार एकशे चाळीस. मग पाचही गावांच्या उजव्या पानांची, तिथेच, पेन्सिलने, दा बिहीने आणून दिलेल्या साखरेच्या निळ्या कागदावर. एकोणतीस हजारांच्या वर काही झाडं. आकाशातल्या फोटोत जेवढी दिसली होती तेवढीच, चाळीस-पन्नासाच्या फरकाने.

दा बिहीने विचारलं की काय निघालं.

"वही बरोबर आहे," लहबीब म्हणाला. "मी चुकलो."

"मग सुटलास," दा बिही म्हणाला. "जिवंत माणसाची चूक दुरुस्त होते."

तरीही त्याने मोजणी सोडली नाही. कागदावर जुळलं म्हणजे रानात जुळलं असं नसतं. चार दिवस तो तिथे राहिला, दा बिहीकडे झोपला, सकाळी गरम भाकरीबरोबर तेल आणि मध खाल्ला, आणि लावणाऱ्यांच्या यादीने एकेक झाड पायी फिरून मोजलं. पाच हजार एकशे एकतीस निघाली. नऊ कमी. त्यातली सात वाळलेली सापडली, दोन सापडलीच नाहीत. नऊ त्याने लाल शाईने वहीच्या समासात लिहिली आणि खाली स्वतःची सही केली. तूदाच्या आकड्यांना त्याने हात लावला नाही.

तारूदांतला परतताना त्याच्या डोक्यात उरलेला हिशेब चालू होता आणि तो चालतोय याचं त्याला बरं वाटत होतं. तूदा गेल्यापासून त्याचं डोकं असं चाललं नव्हतं. वाटेत त्याला आणखी एक गाठ सुटली. गेली दोन वर्षं गावांना दिलेले पैसे त्याच्या आकड्यापेक्षा कमी भरायचे. तो समजायचा की पुरुषमाणसं कासाब्लांकात दुकानांवर आहेत, अजून न्यायला आलेली नाहीत. म्हणून फरक दर वर्षी गावांचं देणं म्हणून बाजूला ठेवत आला होता. ते देणं कधी नव्हतंच. तूदाने ज्याचं त्याला शेवटच्या दिरहमपर्यंत वेळेवर पोचवलं होतं. ती रक्कम आता मोकळी होणार होती. तोटा होताच, पण सी जलीलला झोप लागू नये एवढा नव्हता.

सी जलीलने सगळं ऐकून घेतलं. बाजूला ठेवलेली रक्कम परत येते म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. मग त्याने लहबीबने लिहून आणलेली टीप वाचली आणि तो रंग गेला.

टीप अशी होती. मागील दोन अहवालांत कंपनीने आठ हजार दोनशे कार्बन क्रेडिट दाखवली; खरा आकडा पाच हजार आठशे आहे. गावांची नोंदवही बरोबर आहे. तिच्यातील दोन स्वतंत्र याद्यांची बेरीज एकत्र केल्याने सामाईक झाडं दोनदा धरली गेली. ही बेरीज मुख्य हिशेबनीस लहबीब यांनी केली. शिल्लक दोन हजार दोनशे क्रेडिट रद्द करण्यात येत आहेत. विकल्या गेलेल्या जादा दोनशे क्रेडिटऐवजी कंपनी दुसरी विकत घेऊन ग्राहकाला देईल. मागील वर्षाचे आकडे त्याप्रमाणे दुरुस्त करून शेजारी छापले आहेत.

सी जलीलचं म्हणणं होतं की हे सगळं असू दे, फक्त नाव कशाला. बेरजेत चूक झाली एवढं पुरे. अहवालात कुणी नाव घालतं का? लहबीबने सांगितलं की एरवी नाही घालत, तेही त्याला माहीत आहे. पण या कचेरीत आणि पाच गावांत आठवडाभर कुजबुज चालू आहे की वही कुणाची होती. नुसतं चूक झाली म्हटलं तर लोक ती जिथे ठेवायची आहे तिथेच ठेवतील.

"बँक म्हणेल, हिशेबनीस बदला," सी जलील म्हणाला.

"म्हणू दे."

"तुम्ही घर सोडून कचेरीतच राहिलात सगळी वर्षं. हेही गेलं तर काय कराल?"

लहबीबने यावर विचार केला. प्रश्न खरा होता आणि मालकाने तो मायेने विचारला होता.

"तुम्ही मला काढणार नाही," तो म्हणाला. "हा घोळ काय आहे हे कंपनीत एकट्या मला कळतं. आणि काढलंत तरी टीप हीच राहील, कारण दुसरी कुठलीही खरी नाही. माझी सही दुसऱ्या टिपेखाली मिळणार नाही."

सी जलीलने टीप पुन्हा वाचली. मग त्याने चहा मागवला. लहबीब समजला की झालं.

सभेत बरंच बोलणं झालं. एका संचालकाने सुचवलं की दुरुस्ती यंदा न दाखवता दोन वर्षांत हळूहळू मुरवावी, झाडं वाढतातच, आकडा आपोआप भरून येईल. लहबीबने त्याला विचारलं की दोनशे क्रेडिट त्या कारखान्याने आपल्या धुराच्या हिशेबातून वजा केली आहेत, ती त्यांनी कुठे मुरवायची.  शेवटी ठरलं की टीप जशीच्या तशी जाईल, बाहेरचा ऑडिटर सगळ्या बेरजा पुन्हा मारेल, आणि पुढची तीन वर्षं लहबीबच्या सहीशेजारी दुसरी एक सही लागेल. लहबीबने स्वतःच म्हटलं की लागू दे, दोन वर्षांपूर्वी लागली असती तर बरं झालं असतं.

कन्झा आली. इमी-न-तागात जाऊन तिने चुन्याची कडी बघितली, दोनशे झाडं स्वतः मोजली आणि इज्जाच्या घरी जेवली. इज्जाने तिला जागेवाला आणि लावणारा यांचा कायदा असा समजावला की तिने तो आपल्या वहीत उतरवून घेतला. तिचं म्हणणं पडलं की तिच्या संस्थेनेही हे विचारायला हवं होतं, पहिल्या वेळी खोडं मोजली, धनी मोजले नाहीत. तिने वही स्वीकारली. मात्र अट घातली की पाचही गावं इमी-न-तागासारखी पायी मोजून झाल्याशिवाय एकही नवं क्रेडिट निघणार नाही. फोटो पुरावा म्हणून चालतील, मोजणी म्हणून नाही. लहबीब म्हणाला की त्याचंही तेच मत आहे.

दोनशे क्रेडिट सेनेगलमधल्या एका प्रकल्पाकडून घेतली. भाव महाग पडला. बाटल्यांच्या कारखान्याने एक कोरडं पत्र पाठवलं, आणि पुढच्या वर्षीची मागणी कमी केली, रद्द केली नाही. बँकेने हिशेबनीस बदला असं म्हटलं नाही. बँकेच्या माणसाने फोन करून एवढंच विचारलं की ती टीप कुणी लिहिली. लहबीबने सांगितलं की मीच.

अहवाल छापून आल्यावर तो एक प्रत घेऊन बाजाराच्या दिवशी इमी-न-तागाला गेला आणि ती टीप लोकांना त्यांच्या बोलीत वाचून दाखवली. नोंदवही बरोबर आहे या वाक्याशी इज्जाने त्याला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. दा बिहीने विचारलं की यात गाढवाचा उल्लेख आहे का. नाही म्हटल्यावर तो म्हणाला की मग हिशेब अजून पुरा नाही.

त्यानंतर लहबीबने शनिवार-रविवार धरून आणखी दोन गावं मोजली. दोन्ही जुळली, एकात चौदा झाडं कमी, दुसऱ्यात तीन जास्त, जी कुणीतरी न सांगता लावली होती. आठवडाभर तो कचेरीत असतो. दुसरी सही करणारी व्यक्ती कामात चांगली आहे आणि प्रत्येक आकडा विचारून घेते. घरी तो आता स्वतःपुरतं रांधतो. मोठी पातेली त्याने शेजारणींना देऊन टाकली.

अगार्द आणि तामरिर्त ही दोन गावं अजून मोजायची राहिली आहेत.